कॉम्पोझिट तापवून भरलेली एक दाढ: फायदा नेमका कशाचा झाला?

रुग्ण ४३ वर्षांचे, एसटीत वाहक, राहणार साताऱ्याजवळ. खालच्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेच्या मागच्या बाजूला अन्न अडकतं, ही एकच तक्रार. "दुखत नाही हो डॉक्टर, पण दुपारी खाल्लेली मेथी रात्री ड्युटी संपेपर्यंत तिथंच असते," असं त्यांचं म्हणणं. काडेपेटीतल्या काडीनं टोकरायची सवय लागलेली, त्यामुळे दोन दाढांमधली हिरडी लाल आणि सुजलेली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, कुठलं औषध चालू नाही. त्या दाढेत काही वर्षांपूर्वी दातांच्या रंगाचं फिलिंग, म्हणजे कॉम्पोझिट, दुसरीकडे केलेलं होतं.

वरून पाहिलं तर ते फिलिंग उत्तम दिसत होतं. रंग जुळलेला, पॉलिश शाबूत, चावताना कुठं उंच लागत नव्हतं. पण फ्लॉस (दातांमधून फिरवायचा दोरा) दोन दाढांमधून काहीही अडथळा न होता सरळ खाली गेला, म्हणजे कॉन्टॅक्ट, दोन दात एकमेकांना टेकतात ती जागा, उघडा. प्रोबचं, म्हणजे तपासायच्या अणकुचीदार सळईचं, टोक फिलिंगच्या तळाशी, हिरडीच्या कडेला अडकत होतं. थंड लावल्यावर कळ आली आणि लगेच गेली, ठोकून पाहिल्यावर दुखलं नाही, म्हणजे नस शाबूत. बाइटविंग, म्हणजे दोन दातांमधली जागा दाखवणाऱ्या, एक्स-रेमध्ये खरा प्रकार दिसला. फिलिंग आणि दात यांच्यामध्ये तळाशी एक बारीक काळी पट्टी होती आणि तिच्याखाली डेंटिनमध्ये (इनॅमल या कठीण कवचाच्या आतल्या थरात) कीड पसरल्याची सावली होती.

इथं दोष दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. एक, कॉन्टॅक्ट उघडा राहिला, म्हणून अन्न अडकत होतं. दोन, पोकळीच्या तळाचा कोपरा भरलाच गेला नव्हता, म्हणून नवी कीड लागली. तापवलेल्या कॉम्पोझिटची चर्चा दुसऱ्या दोषापुरतीच आहे. पहिल्याशी तिचा फारसा संबंध नाही. हे आधीच सांगतो, कारण चांगला निकाल लागला की सगळं श्रेय नव्या यंत्राला द्यायची आपल्याकडे रीत आहे.

तळ रिकामा का राहतो

मागच्या दाढांमध्ये दोन दातांच्या मधे कीड लागली की ती साफ केल्यावर एक उभी, अरुंद पेटी तयार होते. आम्ही तिला बॉक्स म्हणतो. या दाढेत जुनं फिलिंग काढल्यावर तो बॉक्स वरच्या कडेपासून साधारण ५ मिलिमीटर खोल निघाला. एका बाजूला धातूची पातळ पट्टी, म्हणजे मॅट्रिक्स, आणि बाकी तीन बाजूंना दात. तळाचा कोपरा थेट नजरेला दिसत नाही, आरशातच पाहावा लागतो.

अशा जागी साधं पेस्ट कॉम्पोझिट भरताना दोन गोष्टी घडतात. पेस्टमध्ये वजनानं ७५ ते ८० टक्के काचेची पूड असते. ती घट्ट असते, कोपऱ्यात आपणहून शिरत नाही, दोन भिंतींवर पुलासारखी टेकते आणि खाली हवा कोंडते. दाबायला गेलं तर प्लगरला (दाबायच्या हत्याराला) चिकटते आणि प्लगर उचलताना तळापासून थोडी वर येते. वरून बघणाऱ्याला बॉक्स भरलेला दिसतो. त्यातून साताऱ्यात डिसेंबरची सकाळ, क्लिनिकमध्ये जेमतेम १९ अंश, आणि सिरिंज नुकतीच फ्रिजमधून काढलेली असेल, तर तेच मटेरियल दुपारच्या मानानं बरंच अडेल होतं. फ्रिजमधलं कॉम्पोझिट वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, असं कंपन्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण गर्दीच्या दिवशी ते राहून जातं. तळाच्या या पोकळ्या कुणाच्याही हातून राहतात. मागच्या दाढेच्या कॉम्पोझिटची ही सगळ्यात परिचित उणीव आहे.

रुग्णाचा प्रश्न मात्र मार्मिक होता. "पूर्वी चांदी भरायचे ना? आईच्या दाढेत अजून आहे. तीच भरा की." चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात पारा असतो आणि जगभर त्याचा वापर कमी होतो आहे. युरोपीय संघानं तर १ जानेवारी २०२५ पासून काही अपवाद सोडून तो बंदच केला. पण त्यांच्या आईच्या दाढेत ते टिकलं त्याचं एक कारण असं की अमाल्गम दाबून ठासता येतं. ते कोपऱ्यात जातं, मॅट्रिक्सला बाहेर ढकलतं आणि कॉन्टॅक्टही बनवतं. कॉम्पोझिट ठासता येत नाही. दाब काढला की ते जिथल्या तिथं राहतं किंवा परत येतं. म्हणजे जे काम अमाल्गममध्ये दाबानं होत होतं, ते कॉम्पोझिटमध्ये दोन वेगळ्या वाटांनी करावं लागतं. कॉन्टॅक्ट मॅट्रिक्सकडून मिळवायचा आणि कोपरा मटेरियलच्या वाहण्यातून भरायचा.

पर्याय

वाहण्यासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तळाशी फ्लोएबलचा, म्हणजे वाहत्या कॉम्पोझिटचा, पातळ थर. मीही तो अनेकदा देतो. पण फ्लोएबल पातळ असतं ते त्यात काच कमी आणि रेझिन (कणांना धरून ठेवणारा चिकट द्रव) जास्त असल्यामुळे. म्हणून ते लाइटनं (क्युअरिंगच्या प्रकाशानं) कडक होताना जास्त आकसतं. साध्या पेस्टचं आकारमान साधारण २ ते ३ टक्के घटतं, पारंपरिक फ्लोएबलचं ४ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. शिवाय ते मऊ असतं. हिरडीच्या कडेला, जिथं इनॅमल आधीच पातळ आहे, तिथं मला ते जाड थरात नको होतं.

ग्लास आयोनोमर या दंतसिमेंटचा तळ देऊन वर कॉम्पोझिट, ज्याला सँडविच म्हणतात, हाही मार्ग होता. ज्यांच्या तोंडात कीड वेगानं वाढते त्यांना मी तो आधी सुचवतो. इथं तशी परिस्थिती नव्हती आणि तळाच्या कडेला सगळीकडे इनॅमल शिल्लक होतं. लॅबमधून ऑनले (दाढेवर चिकटवायचं तयार आच्छादन) करून घेणं खर्चाच्या मानानं जास्त झालं असतं, कारण दाढेच्या भिंती जाड आणि शाबूत होत्या. म्हणून नेहमीचं नॅनोहायब्रिड पेस्ट, तेच तापवून, असं ठरलं.

तापवल्यानं आत काय बदलतं

कॉम्पोझिटच्या रेझिनचा कणा बहुतेक वेळा बिस-जीएमए या रेणूचा असतो. अमेरिकेत राफाएल बोवेन यांनी तो दंतवैद्यकात आणला, त्याचं पेटंट १९६२ चं. हा रेणू मोठा आहे आणि त्याच्यावरचे हायड्रॉक्सिल गट शेजारच्या रेणूला हायड्रोजन बंधानं धरून ठेवतात, म्हणून तो मधापेक्षाही दाट. तो नुसता वापरता येत नाही, टीईजीडीएमएसारखं पातळ रेझिन मिसळावं लागतं. उष्णता दिली की ही धरपकड सैल होते, रेणू एकमेकांवरून सरकू लागतात आणि पेस्ट वाहू लागते. काचेचं प्रमाण मात्र तेवढंच राहतं. फ्लोएबल आणि तापवलेली पेस्ट यांतला महत्त्वाचा फरक हाच. एक पातळ आहे कारण त्यात काच कमी आहे, दुसरी थोडा वेळ पातळ झाली आहे.

यासाठी मिळणारी उपकरणं साधारण ५४ ते ६८ अंशांच्या दरम्यान चालतात. जर्मनीच्या व्होको कंपनीचं व्हिस्कॅलर हे कॉम्पोझिट तर ६८ अंशांवर वापरण्यासाठीच बनवलं आहे. पण सगळी कॉम्पोझिट सारखी वागत नाहीत. रेझिन कुठलं, काचेचे कण किती आणि कोणत्या आकाराचे, यावर घट्टपणा किती उतरेल ते ठरतं. काही पेस्ट ६० अंशांवर लोण्यासारख्या होतात, काही जेमतेम नरमतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तापवलेल्या पेस्टच्या थराची जाडी मोजली होती. ती खोलीच्या तापमानाच्या पेस्टपेक्षा कमी भरली, पण फ्लोएबलइतकी पातळ कुठलीच झाली नाही. ऑनले चिकटवायला तापवलेली पेस्ट वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. चिकटवायच्या सिमेंटसाठी आयएसओ ४०४९ या मानकाची मर्यादा ५० मायक्रॉनची आहे आणि काही पेस्ट तापवूनही तिच्या वरच राहतात. मग ऑनले पूर्ण बसत नाही आणि सगळी चावणी बिघडते.

कडकपणाबद्दलचे दावे जरा सावधपणे घ्यावेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया मेडिकल कॉलेजमध्ये फ्रेडरिक रुगेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवलं की कॉम्पोझिट ६० अंशांपर्यंत तापवत नेलं तसं मोनोमरचं (सुट्या रेणूंचं) पॉलिमरमध्ये (रेणूंच्या साखळ्यांमध्ये) होणारं रूपांतर वाढत गेलं, इतकं की कमी सेकंद लाइट दिला तरी चाललं. कारण समजण्यासारखं आहे. गरम रेझिनमध्ये रेणू जास्त वेळ हलते राहतात, त्यामुळे साखळ्या गोठण्याआधी जास्त लांब वाढतात. प्रयोग चोख होता. पण त्यात कॉम्पोझिट लाइट देतानाही त्याच तापमानाला ठेवलेलं होतं. तोंडात तसं होत नाही.

याच गटानं पुढे तेही मोजलं. ६० अंशांना तापवलेलं कॉम्पोझिट उपकरणातून बाहेर काढलं की मिळवलेली उष्णता २ मिनिटांत निम्म्यानं जाते, ५ मिनिटांत ९० टक्के. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी प्रत्यक्ष रुग्णाच्या दातात बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवून पाहिलं. रबर डॅम (दात वेगळा, कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावलेला, पाण्यानं धुतलेला, एचिंग (आम्लानं पृष्ठभाग खरखरीत करणं) झालेला दात शरीराइतका गरम नसतोच, तो ३० अंशांच्या खाली आलेला होता. त्यात तापवलेलं कॉम्पोझिट गेल्यावर पोकळीतलं तापमान सुमारे ३६ अंश भरलं आणि न तापवलेलं भरल्यावर सुमारे ३०. म्हणजे उपकरणावर ६० दिसत असलं तरी लाइट पडते तेव्हा हातात उरतो तो सहाएक अंशांचा फरक. रूपांतर वाढवायला तो काही थोडा हातभार लावेल, पण लाइटचे सेकंद कमी करण्याइतका भरवसा मी त्यावर टाकणार नाही. ब्राझीलमधल्या २०१० च्याच एका अभ्यासात ६८ अंशांना तापवलेल्या कॉम्पोझिटची कडा दाताला जास्त चांगली बसली, पण रूपांतर आणि मजबुती यांत फरक सापडला नाही. मला हा निकाल क्लिनिकमधल्या अनुभवाच्या सगळ्यात जवळचा वाटतो.

प्रत्यक्ष काम

दोन टक्के लिग्नोकेननं बधिर केलं, रबर डॅम लावला, जुनं फिलिंग काढलं. तळाशी एक्स-रेमधली काळी पट्टी प्रत्यक्षात दिसली. फिलिंगचा खालचा तुकडा सुटा निघाला आणि त्याचा दाताकडचा पृष्ठभाग गुळगुळीत, गोलसर होता. दाताला तो कधी चिकटलाच नव्हता, हवेच्या बुडबुड्यावर घट्ट झाला होता. कीड काढल्यावर नसेच्या बाजूला घट्ट, तपकिरी डेंटिन लागलं, तिथं थांबलो.

कॉन्टॅक्टसाठी बाक असलेली अर्धी मॅट्रिक्स पट्टी, लाकडी वेज (पाचर) आणि दोन दातांना किंचित दूर ढकलणारी रिंग. फक्त इनॅमलला १५ सेकंद एचिंग, मग युनिव्हर्सल बाँडिंग (चिकटवणारा द्रव) २० सेकंद चोळून, हवेनं पातळ करून, लाइट. हे सगळं होईपर्यंत असिस्टंट ताईंनी उपकरण ६० वर आणून त्यात दोन कंप्युल ठेवले होते. कंप्युल म्हणजे एका वापराची, टोकदार नळीची छोटी कुपी, ती गनमध्ये बसते.

इथून पुढची अर्धी-पाऊण मिनिटं महत्त्वाची. चिक्कीचा पाक ताटात ओतल्यावर लाटणं शोधत बसलं तर जे होतं, तेच इथं होतं. म्हणून क्रम आधी बोलून ठेवला होता. बॉक्स कोरडा आहे का ते मी पाहिलं, "द्या" म्हटलं, ताईंनी कंप्युल उपकरणातून काढून थेट गनमध्ये बसवून हातात दिला. नळीचं टोक तळाच्या आतल्या कोपऱ्यात टेकवून, ते वर न उचलता हळूहळू दाबत गेलो. न तापवलेली पेस्ट नळीतून दोरीसारखी बाहेर येते आणि स्वतःवरच वळते, त्या वळणात हवा अडकते. ही पेस्ट नळीभोवती चकचकीत पसरली आणि मॅट्रिक्सच्या भिंतीला ओलावत वर चढली. गन दाबायला लागणारा जोरही उघडच कमी होता. सुमारे दीड मिलिमीटर थर झाल्यावर टोक काढलं आणि बॉल बर्निशरनं (गोल टोकाच्या हत्यारानं) दोन्ही कोपऱ्यांकडे एकदा सारलं. बर्निशरला ती चिकटून आली नाही.

पहिल्या थराला ४० सेकंद लाइट दिला. तापवलेलं आहे म्हणून सेकंद कमी केले नाहीत, उलट वाढवले, कारण लाइटचं टोक तळापासून पाचेक मिलिमीटर दूर असतं आणि एवढ्या अंतरावर बऱ्याच लाइटची ताकद चांगलीच घटते. वरचे थर दोन मिलिमीटरच्या आत. शेवटचा थर, ज्यात दाढेचे उंचवटे घडवायचे असतात, तो मुद्दाम खोलीच्या तापमानाचाच घेतला. तिथं वाहणारं मटेरियल नको असतं, आकार धरणारं हवं. मॅट्रिक्स काढल्यावर गालाच्या आणि जिभेच्या बाजूनं पुन्हा लाइट.

एक अडचण झालीच. वेज आणि दाताच्या मधल्या केसाएवढ्या फटीतून तापवलेलं कॉम्पोझिट गालाच्या बाजूला हिरडीलगत बाहेर आलं होतं. घट्ट पेस्ट अशा फटीत शिरत नाही, ही शिरते. बारीक वक्र ब्लेडनं ते काढलं आणि फिनिशिंग स्ट्रिप फिरवली. ते राहून गेलं असतं तर हिरडीला तिथं कायमची बोच राहिली असती. तापवून काम करणाऱ्यानं वेज नेहमीपेक्षा जास्त काळजीनं बसवावी, आणि मॅट्रिक्स काढल्यावर प्रोब फिरवल्याशिवाय रबर डॅम काढू नये.

नसेला चटका बसेल का?

हा प्रश्न रुग्ण विचारतात आणि विद्यार्थीही. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात नसेचं तापमान साडेपाच अंशांनी वाढल्यावर १५ टक्के दातांची नस मेली होती. तेव्हापासून तो आकडा धोक्याची खूण म्हणून वापरतात. तापवलेल्या कॉम्पोझिटमुळे नसेत होणारी वाढ प्रयोगशाळेत एका अंशाच्या आसपास मोजली गेली आहे. त्याहून जास्त उष्णता क्युअरिंग लाइटच देतो, आणि पाणी नीट न सोडता चालवलेला एअरोटर (दात कोरायचं यंत्र) तर कितीतरी जास्त. नसेची काळजी असेल त्यानं आधी एअरोटरचा फवारा तपासावा. फारच पातळ डेंटिन उरलं असेल तर तळाला आच्छादन द्यायचंच असतं, मग कॉम्पोझिट गरम असो की गार.

आकसण्याबद्दल मात्र इतकं ठाम बोलता येत नाही. जास्त रूपांतर म्हणजे जास्त आकुंचन, शिवाय गरम मटेरियल थंड होतानाही थोडं आकसतं. दुसरीकडे, मोकळं असताना रेझिन ताण थोडा सैल करून घेतं, आणि काही अभ्यासांत तापवलेल्या कॉम्पोझिटचा आकुंचन-ताण कमीच मोजला गेला आहे. तोंडातला फरक सहा अंशांचा असताना या वादानं माझ्या कामाचा क्रम बदलत नाही. थर पातळ ठेवायचे, एवढंच.

निकाल

लगेच घेतलेल्या बाइटविंगमध्ये तळाशी फिलिंग आणि दात यांच्यात काळी रेघ नव्हती. वरच्या दोन थरांच्या मधे टाचणीच्या टोकाएवढा एक बुडबुडा होता. तो दाताच्या कडेपासून लांब असल्यामुळे सोडून दिला. फ्लॉस आता टिचकी वाजून आत जात होता. सहा महिन्यांनी हिरडी गुलाबी, रक्त नाही, थंड लागणं नेहमीसारखं. काडेपेटीची काडी सुटली का, असं विचारल्यावर ते हसले, म्हणजे दुसऱ्या बाजूला चालू असावी.

अन्न अडकणं थांबलं ते बाकदार मॅट्रिक्स आणि रिंगमुळे. तेच काम न तापवलेल्या पेस्टनंही झालं असतं. तळ भरला तो तापवल्यामुळे, आणि त्यातही कंप्युल थेट कोपऱ्यात रिकामा केल्यामुळे. ही शेवटची अट आपल्याकडे कळीची आहे. बहुतेक क्लिनिकमध्ये स्वस्त पडते म्हणून चार ग्रॅमची सिरिंज असते. ती तापवून, पॅडवर काढून, प्लगरनं उचलून बॉक्सपर्यंत नेईपर्यंत एवढासा गोळा गार झालेला असतो. सिरिंजच वापरायची असेल तर मटेरियल रिकाम्या, झाकणाच्या कंप्युलमध्ये भरून मग तापवावं. उजेड लागू नये म्हणून कंप्युल काळा किंवा नारिंगीच हवा.

थर्मासमधल्या गरम पाण्यात प्लास्टिकच्या पिशवीत सिरिंज बुडवायची युक्ती बरेच जण करतात. तापमान किती झालं ते कळत नाही, पिशवी गळाली तर नळीत पाणी जातं, आणि एका रुग्णानंतर तीच सिरिंज दुसऱ्याला वापरताना निर्जंतुकीकरणाचा प्रश्न वेगळाच. मेण वितळवायच्या भांड्याशेजारी ठेवणं त्याहून वाईट, कारण तिथं एका बाजूनं मटेरियल जास्त तापतं. उपकरण घ्यायचं नसेल तर सिरिंज फ्रिजमधून तासभर आधी काढून ठेवणं आणि तळाला अर्धा मिलिमीटर फ्लोएबल देणं, हा सरळ मार्ग आहे आणि तो वाईट नाही.

याच रुग्णाच्या वरच्या दुसऱ्या लहान दाढेत चावायच्या पृष्ठभागावर एक छोटी कीड होती. दोन मिलिमीटर खोल, वरून पूर्ण उघडी, सगळे कोपरे नजरेसमोर. सहा महिन्यांच्या त्या भेटीतच ती भरली, खोलीच्या तापमानाच्या पेस्टनं. उपकरण बंदच होतं.